मामंजी, तुमचा गडी विचार करतोय

मामंजी, तुम्ही गेल्यापासून घरात सगळे हळू आवाजात बोलताहेत. हळू बोललेलं तुम्हाला ऐकूही यायचं नाही आणि आवडायचंही नाही, म्हणून मी हे जरा मोठ्यानेच लिहिते आहे असं समजा. सुभेदार असताना तुम्ही कुठे कुठे होता, पेन्शनीत कधी आलात, कुंडलची जमीन कोण बघतं, हे सगळं भेटायला येणाऱ्यांना तुमचे चिरंजीव सांगताहेत. त्यांना सांगू दे. मला तुमच्याशी त्या यंत्राबद्दल बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि तुम्ही माझं पुरतं ऐकून न घेता उठून गेलात.

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला या घरात आले, तेव्हा आपल्या दोघांत बोलण्यासारखं काहीच नव्हतं. सासूबाई माझ्या येण्याआधीच गेलेल्या. "चहा ठेवू का?" "ठेव." "गोळी घेतली का?" "घेतली." एवढ्यावर आपला संसार चालला होता. तुम्ही पेपर वाचायचात. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून यायची, पदर सावरायची आणि भाकरीला लागायची. मला तुमचा धाक वाटायचा हे तर घरात सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्हालाही माझा वाटायचा, हे तुम्हीच मला पुढे सांगितलंत. "शिकल्याली पोर, हिच्याफुडं काय बोलावं," म्हणून गप्प बसायचात म्हणे.

तुमचं सगळं बोलणं नाना मास्तरांशी. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले नाना हा तुमचा बुद्धिबळातला कायमचा गडी. सांगलीत बुद्धिबळाच्या वेडाने पछाडलेल्यांना काय तोटा, पण तुम्हाला दुसरं कुणी चालतच नसे. रोज संध्याकाळी गॅलरीत डाव मांडायचा आणि मनाजोगती चाल सापडली की सोंगटी पटावर अशी आपटायची, की आत माझ्या मांडणीवरची ताटं वाजायची. मग नानांना त्यांचा मुलगा पुण्याला घेऊन गेला. पाठोपाठ तुम्हाला हृदयाचा झटका आला, आणि डॉक्टरांनी जिना उतरायला बंदी केली. तुम्ही पट कपाटावर टाकलात आणि दिवसाउजेडी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलात. डॉक्टर यांना बाजूला घेऊन म्हणाले, "औषध मी देईन, पण त्यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे. नाहीतर कठीण आहे." ते दाराआड मी ऐकलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तुम्हाला कुठून तरी एक गडी आणून द्यायचा.

नेमका त्याच उन्हाळ्यात माझा अमेरिकेतला भाऊ आला आणि माझ्यासाठी कॉम्प्युटर घेऊन आला. आपल्याकडे अजून कॉम्प्युटर म्हटलं की मोठ्या खोल्या भरून असलेली कपाटं डोळ्यांपुढे येतात. हा घरात ठेवायचा होता. शाळेतल्या पाटीएवढा हिरवा बोर्ड, त्यावर काळ्या चिपा, एका कोपऱ्यात आकड्यांची बटणं आणि वर लाल उजेडाचे सहा आकडे. ना पडदा, ना आवाज. सोबत एक कॅसेट होती. टेपरेकॉर्डर जोडून ती वाजवली की त्याला बुद्धिबळ खेळता येत असे. तिकडची वीज वेगळी, म्हणून त्याला आपल्या विजेवर चालवणारी पेटी मी घरी बसून जोडली. तुम्ही अंथरुणातून बघत होता. बघता बघता उठून बसलात.

"ह्यो खेळतो? ह्येला हात कुटं हाईत?"

"हात माझे मामंजी, डोकं त्याचं."

"बगू की मग त्येचं डोकं," असं म्हणून तुम्ही स्वतः पट काढलात. त्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसलीत, आणि मी आत जाऊन डोळे पुसले.

आपली रीत ठरली. तुम्ही सोंगटी उचलून हवेत धरायची आणि चाल सांगायची. मी तिचे आकडे भरून बटण दाबायचं आणि त्याच क्षणी तुम्ही सोंगटी पटावर ठेवायची. बटण दाबलं की लाल आकडे विझायचे. यंत्र विचार करत असायचं. मग आकडे पुन्हा उजळायचे आणि त्याची सोंगटी कुठून कुठे न्यायची ते सांगायचे. मिनिट दोन मिनिटांत उत्तर येतं, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही त्याचा घोडा मारलात, आकडे विझले आणि विझलेलेच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी परत सुरू करायच्या बटणाकडे हात नेला, तर तुम्ही परेडच्या मैदानावर ओरडावं तसे ओरडलात.

"सूनबाई! काय करतीस?"

"अडकलाय तो. बंद करून परत सुरू करते."

"आडकला न्हाई. इचार करतोय. घोडा गेलाय त्येचा, लगीच कसं सुचंल?"

"अहो, त्याला एवढा वेळ लागत नाही."

"तुला काय ठावं? नाना तर तासतास बसायचा. समोरचा गडी इचार करत आसंल तर त्येला हात लावायचा न्हाई. बस खाली."

मी बसले. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेली बाई, बंद पडलेल्या यंत्रापुढे मान खाली घालून बसले. काय करणार? तुम्ही अंथरुणातून उठला होता. आणि नुसतं बसवत नाही म्हणून तुम्ही बोलायला लागलात. आधी नानांचे किस्से. मग फौजेतले. सासूबाईंचं नाव या घरात मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं ते त्या दिवशी. शेवटी जेवायची वेळ झाली तेव्हा तुम्ही यंत्राकडे बघून म्हणालात, "दमला आसंल. ऱ्हाऊ दे." आणि डाव मोडला.

मग हे रोजचंच झालं. डाव रंगात यायचा, तुमची एखादी जबरदस्त चाल व्हायची आणि तो थंड पडायचा. परत सुरू केला की आधीचं सगळं विसरलेला असायचा. मोडलेला डाव त्याच्यात पुन्हा कसा भरायचा हे मी पुढे शिकले, तेव्हा येत नव्हतं. एकही डाव शेवटाला जाईना. तुम्ही तर हट्टालाच पेटलात. "एक डाव पुरा झाला पायजे. मी हारीन न्हाईतर जितीन, पर पुरा झाला पायजे," असं तुम्ही डॉक्टरांनासुद्धा सांगितलंत. ते बिचारे नाडी मोजत होते.

त्याला किल्लेकोट करता येत नाही हे कळलं तेव्हा तुम्ही किती हळहळलात. राजाला हत्तीच्या आडोशाला न्यायची ती चाल त्याच्या कॅसेटमध्ये नव्हतीच. "कुनी शिकीवलं न्हाई व्हय ह्येला?" असं विचारलंत आणि त्या दिवसापासून स्वतःही किल्लेकोट करायचा सोडलात. त्याला येत नाही तर आपणही करायचा नाही. मी हसले तेव्हा तुम्ही रागावलात. मामंजी, त्या दिवशी मला तुमचा धाक वाटेनासा झाला.

तुमच्या लेखी तो विचार करत होता. माझ्या लेखी बिघाड होता, आणि मी तो शोधून काढणार होते. आधी वाटलं तापतोय. मी टेबलावरचा पंखा लावला. वीज गेली की तुम्ही पेपरची घडी करून त्याला वारा घालायचात, वीजच नाही तर तो तापेल कसा हे तुम्हाला कोण सांगणार. मग वाटलं, संध्याकाळी मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरतो, त्याने होत असेल. कॉलेजातून मीटर आणून मी दाब मोजला आणि आपण डाव सकाळी मांडायला लागलो. तरी तेच. मग एकेक चीप उपसून, तिचे पाय पुसून परत बसवली. कॅसेट बदलून पाहिली. मी हात टेकले. तुम्ही मात्र खुशीत. "मी चाल खेळलो की त्येची बोलतीच बंद होती बग," असं येईल जाईल त्याला सांगायचात.

आणि तो बंद पडला की आपण बोलायचो. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही बर्फात अडकलेल्या ट्रकांपाशी होता आणि तार पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, हे तुम्ही अशाच एका थांबलेल्या डावात सांगितलंत. यांनाही ते कधी सांगितलं नव्हतंत. गौरीला तुमच्या बहिणी आल्या आणि त्यांतल्या आक्की सगळ्यांदेखत म्हणाल्या, की बाईनं नोकरी केली की पाळणा कसा हलायचा. तुम्ही तेव्हा गप्प बसलात. मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी डावात आकडे विझले, आणि तुम्ही पटावरची नजर न काढता म्हणालात, "नोकरी सोडायची न्हाई. आक्कीला मी सांगितलंय. पाळना हालंल, न्हाईतर न्हाई हालायचा. त्येच्यापायी तुजं शिक्शान चुलीत घालायचं न्हाई." मी नुसती त्या काळ्या काचेकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आत्ता नको उजळूस रे बाबा, आत्ता नको. त्या क्षणी मला तो बिघाड देवासारखा वाटला. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

बिघाड सापडला तो संक्रांतीच्या सुमाराला. मध्ये दुखणं उलटून सलाईन लावावं लागलं होतं, त्या सुईने तुमचा उजवा हात सुजला होता. तुम्ही नुसती चाल सांगायचात आणि सोंगट्या मी हलवायची. मी आपली सावकाश ठेवायची, भाकरी तव्यावर टाकावी तशी. त्या दिवशी डाव चालला तो चाललाच. तुम्ही त्याचा उंट मारलात तरी तो थांबेना. तुम्ही त्याचा वजीर पेचात धरलात आणि खुशीत येऊन डाव्या हाताचा पंजा टेबलावर दाणकन आपटलात. "आता बोल!"

आकडे विझले ते परत आलेच नाहीत. मी यंत्राकडे बघितलं, तुमच्या पंजाकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तुमचं पेपर वाचायचं भिंग घेऊन मी ती विजेची पेटी उघडली. एका तारेच्या सोल्डरिंगला केसाएवढी भेग होती. टेबलाला हादरा बसला की तार क्षणभर सुटायची आणि यंत्र जागच्या जागी थिजायचं. उजेडाला हातातली बॅटरी तुम्हीच धरली होतीत. मला इतका आनंद झाला, की मी विचार न करता बोलून गेले. "मामंजी, तुम्ही सोंगटी आपटता ना, त्याने होत होतं हे! भारी चाल झाली की तुम्ही आपटता, आणि आपटलं की हा बंद!"

तुम्ही बॅटरी विझवलीत. "म्हंजे माज्या चालीनं थांबत न्हवता. माज्या हातानं थांबत हुता."

मी तार पक्की केली, पण तुम्ही दिवसभर पटापाशी आला नाहीत. मला स्वतःचाच राग आला. तुमचं मन लागावं म्हणून सगळा आटापिटा केला, आणि सापडलं ते हे. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच येऊन बसलात. "बरं झालं सांगितलंस. उगं मी सोताला लय मोटा समजत हुतो." मग सोंगट्या मांडता मांडता म्हणालात, "पर नागपंचमीच्या डावाला मी आपटलं न्हवतं. वजीर दिला त्येला, आलगद ठिवला हुता. तवा त्यो खरंच इचार करत हुता."

"मामंजी, भेग होती. तापूनसुद्धा तार सुटू शकते."

"तुज्या मनाला इचार, त्यो डाव तू बगितलायस."

हे आपलं भांडण. रोज थोडं थोडं चालायचं आणि कधी मिटलं नाही. अजूनही माझं मत तेच आहे, सोल्डरिंग सुटलं होतं. पण तो वजीर तुम्ही दिलात तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता, हेही खरं आहे.

मग शेवटचा डाव सुरू झाला. आता यंत्र कधीच थांबत नव्हतं. तुम्ही चाल करायचा अवकाश, आकडे उजळलेच. तुम्ही एकदा माझ्याकडे बघून म्हणालात, "लय घाई करतोय आता ह्यो. मानसाला दोन शब्द बोलू दीना." मी हसण्यावारी नेलं. वीज गेली तरी मला आता डाव परत भरता येत होता. सगळं सुरळीत झालं. हा डाव नक्की पुरा होणार म्हणून मी खुशीत होते आणि मग तुम्हीच थांबलात.

यंत्राची चाल झाली होती. तुमची होती. तुम्ही हत्तीवर बोट ठेवलंत आणि बसून राहिलात. "इचार करतोय," म्हणालात. त्या दिवशी चाल झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले, डाव भरला, आपण समोरासमोर बसलो, पुन्हा तेच. हत्तीवर बोट, आणि गप्पा. साताऱ्यात आमचं घर कुठे होतं, अजिंक्यताऱ्यावर मी कधी चढले होते का, चिपेच्या आत नेमकं काय असतं, मी मुलांना शिकवते तेव्हा ती ऐकतात का. मला तुमची काळजी वाटायला लागली. दुखण्याने डोकं थकलं, चाल सुचेनाशी झाली, असं मी यांना रात्री हळूच बोलले. एकदा न राहवून तुम्हालाही म्हटलं, "मामंजी, ते कडेचं प्यादं सरकवा ना." तुम्ही म्हणालात, "गडी इचार करत आसंल तर काय करायचं?" मी म्हटलं, "गप्प बसायचं." "न्हाई," तुम्ही म्हणालात, "बोलत बसायचं."

माझे वडील मी लहान असतानाच गेले, मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही, हे मी तुम्हाला त्याच दिवसांत सांगितलं. माहेरी त्यावर कुणी बोलत नाही, आणि मीही कुणाशी बोललेले नव्हते. तुम्ही हत्तीवरचं बोट काढलंत. मग म्हणालात, "आज ऱ्हाऊ दे चाल. उद्या बसू, पोरी." सूनबाई म्हणाला नाहीत. परवा दुपारी मी वर्गावर असताना निरोप आला.

काल नाना पुण्याहून आले. जिना चढून धापा टाकत पटापाशी उभे राहिले. घरातल्या कुणाला तो आवरायचा धीर झालेला नाही.

"चाल कुणाची?" त्यांनी विचारलं.

"मामंजींची."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. रोज विचार करायचे, पण सुचत नव्हतं त्यांना."

नानांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तुमच्या खुर्चीवर बसले. "सूनबाई, काय सुचत नव्हतं? हत्ती सरळ वर नेला की मात आहे. राजा आपल्याच प्याद्यांमागे कोंडलाय. एक चाल. कालचं पोरसुद्धा खेळेल."

"आजारपणात दिसलं नसेल हो."

"त्याला? अहो, हा हत्ती इथे काय आपोआप आला? मात करायलाच आणून ठेवलाय त्याने. ही सगळी मांडणीच त्याची आहे." आणि मग नाना हसायला लागले, हसता हसता रडायला लागले. मला काय कळलं ते त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, मीही तुमच्या जाण्यानेच रडते आहे.

मामंजी, वर्षभर तुम्हाला एक डाव पुरा करायचा होता. तो बोटाखाली होता. हत्ती नुसता सरकवायचा होता, आणि तुम्ही जिंकून मोकळे झाला असता. तुम्ही तो तसाच धरून ठेवलात, दिवसच्या दिवस, आणि मी तुमच्या डोक्याची कीव करत बसले. ज्या यंत्राला मी थांबू देत नव्हते त्याच्या जागी तुम्ही स्वतः थांबलात, का, तर मला बोलता यावं. मला वडील मिळाले, आणि ते मिळाल्याचं मला ते गेल्यावर कळलं. तुमचे उपकार मानले तर तुम्ही रागावाल, म्हणून मानत नाही. पण मला अजून पुष्कळ बोलायचं होतं हो.

लोक भेटायला येतात, पटाकडे बघतात आणि म्हणतात, "सुभेदारांचा डाव अर्धा राहिला." मी हो म्हणते. तुम्ही जिंकला होतात हे नानांना ठाऊक आहे, आणि तुम्ही का थांबला होतात ते मला.